पोझ्झुओलीचे सेरापिस: पैसे नकोत, दुर्बीण मात्र हवी

नेपल्सजवळच्या या रोमन बाजाराला देऊळ समजून लोक येतात, कारण 1750 च्या उत्खननात इथे सेरापिस देवाची मूर्ती सापडली. पाहायचे ते उभे असलेले तीन संगमरवरी खांब. रस्त्यावरच्या कठड्यापासून फुकट दिसतात, पण 8 किंवा 10 पट मोठे दाखवणारी दुर्बीण नसेल तर फेरी निम्मी वाया.

खांबाचा खालचा सुमारे साडेतीन मीटर भाग गुळगुळीत आहे, कारण तो गाळात पुरला गेला होता. त्याच्या वर जवळपास पावणेतीन मीटरचा पट्टा भोकांनी चाळण झालेला. ती लिथोफागाची, म्हणजे आपल्या शिणाण्यांच्याच कुळातल्या खजुरासारख्या तपकिरी शिंपल्याची. हा प्राणी दगड घासत नाही. अंगातून स्रवणाऱ्या द्रवाने चुना विरघळवतो. म्हणून संगमरवर चालतो, ग्रॅनाइट नाही. तो पाण्याखालीच जगतो, म्हणजे जमीन तेवढी खचून पुन्हा वर आली. 1982 ते 84 मध्येच ती सुमारे 1.8 मीटर उचलली गेली!

ऊन तिरपे असताना जा, भोकांच्या कडा स्पष्ट दिसतात. डोक्यावरच्या उन्हात नुसते डाग. माहितीफलकावर विसंबू नका, वाचून जा.

बंदरावर कुणी हाच शिंपला खायला देऊ केला तर नको म्हणा. पाच सेंटिमीटर वाढायला त्याला 15 ते 35 वर्षे लागतात आणि काढायला खडक फोडावा लागतो, म्हणून युरोपीय संघात त्यावर बंदी आहे.