क्रिप्टोकॉकल मेंदुज्वर: एक मोठा डोस की सात दिवसांचं सलाईन?

एचआयव्ही बळावून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) शंभराखाली गेलेल्या रुग्णाला हा बुरशीचा मेंदुज्वर झाला, तर अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध कोणतं द्यायचं, साधं की लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म कणांत भरलेलं), असं एका तरुण डॉक्टरांनी विचारलं.

परिणाम: बोट्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेत झालेल्या अँबिशन चाचणीचे निष्कर्ष 2022 साली आले. लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस (किलोमागे 10 मिग्रॅ) आणि सोबत 14 दिवस फ्लुसायटोसीन व फ्लुकोनॅझोल ही आणखी दोन बुरशीविरोधी औषधं घेणाऱ्यांत दहा आठवड्यांतले मृत्यू 24.8 टक्के, सात दिवस साधं अँफोटेरिसिन व फ्लुसायटोसीन घेणाऱ्यांत 28.7. म्हणजे एक डोस कमी पडत नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला पहिली पसंती दिली.

त्रास: खरा फरक इथे आहे. साध्या औषधाने मूत्रपिंडं बिघडतात, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन उतरतं, शिरा सुजतात. रोज सलाईन, पोटॅशियम, वारंवार रक्त तपासणी. परिचारिकांवर ताण येतो तो वेगळाच.

खर्च: लायपोसोमल महाग. 60 किलोच्या माणसाला 50 मिग्रॅच्या 12 कुप्या, त्याही एकाच दिवशी. पण हिशेबात वाचलेले सलाईनचे दिवस धराच.

मेंदूवरचा दाब वाढला तर पाठीतून पाणी काढणं दोन्हींत अटळ. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) मात्र बुरशीचा उपचार सुरू केल्यापासून चार ते सहा आठवड्यांनीच.

लायपोसोमल मिळत असेल, विशेषतः रोजच्या तपासण्या जमत नसतील, तर एक डोस द्या. ते नसेल आणि प्रयोगशाळा हाताशी असेल, तर सात दिवसांचा उपचार लगेच सुरू करा. फ्लुसायटोसीन मात्र दोन्हींना लागतंच.