मेलाँचा ख्रिस्त की रेम्ब्रांटचा जेरोम?

सावली कोणाची भारी, एवढाच प्रश्न, आणि दोन्ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेली. फ्रेंच कोरीवकार क्लोद मेलाँने 1649 मध्ये दंतकथेतल्या संत वेरोनिकाच्या रुमालावर उमटलेला ख्रिस्ताचा चेहरा कोरला आणि गंमत म्हणजे अख्खा चेहरा एकाच रेषेत, नाकाच्या शेंड्यापासून निघून गोल गोल फिरत बाहेर जाणाऱ्या, क्रॉस-हॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी) अजिबात नाही. मग सावली कशी आली? तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) जरा जास्त दाबलं की खाच रुंद होते, शाई जास्त धरते, तिथे काळं. हात हलका ठेवला की उजेड. स्कॅन झूम करून डोळ्यांजवळ बघा, रेष नुसती जाड-बारीक होतेय, बास.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं सगळंच उलटं. 1642 चा अंधाऱ्या खोलीतला संत जेरोम म्हणजे अ‍ॅसिडने खाल्लेल्या रेषा, वर ड्रायपॉइंट (सुईने थेट पत्र्यावर ओरखडलेल्या रेषा), एकावर एक इतक्या की खोली जवळपास काळीकुट्ट, उजेड फक्त खिडकीपाशी, आणि डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा दिसायलाच वेळ लागतो.

कारागिरीत मेलाँ, त्याला हातच जोडावेत (एक चूक झाली तर लपवायला जागाच नाही!). पण त्याच्याकडे खरा अंधार नाहीच, म्हणून सावलीसाठी माझं मत रेम्ब्रांटला. फक्त स्कॅन बघताना सुरुवातीचा छाप शोधा, ड्रायपॉइंटच्या रेषेला सुटलेली धातूची कड लवकर झिजते आणि नंतरचे छाप फिके पडतात.