जैवविघटनशील मालाला मजबुती द्यायची तर: गॅमा, इलेक्ट्रॉन बीम की पेरॉक्साइड?

पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचा कप साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, आणि आपल्याकडचा चहा त्याहून बराच गरम असतो. स्टार्च मिसळलेला माल पावसाळ्यात ढिला पडतो. मग कोणीतरी सुचवतं, ‘रेडिएशन मारून घ्या, पक्का होईल.’ होईलही, पण आधी तुमच्या प्लास्टिकच्या दाण्यात काय आहे ते बघा.

गॅमा किंवा इलेक्ट्रॉन बीमचे किरण पडले की रेणूंच्या साखळ्या तुटतातही आणि शेजारच्या साखळ्यांना जोडल्याही जातात. पीसीएल, पीबीएस, पीबीएटी या जैवविघटनशील प्लास्टिकांत ही जोडणी (क्रॉसलिंकिंग) वरचढ ठरते. नुसत्या पीएलएत आणि जीवाणूंपासून मिळणाऱ्या पीएचबीत तुटणं. कोरडा स्टार्च, सेल्युलोज आणि कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसान तर तुटतातच. कायटोसान मुद्दाम असा तोडतात, कारण त्याच्या लहान साखळ्या पिकाच्या वाढीला मदत करतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाची तऱ्हा निराळी: पाण्यात घट्ट लगदा मळून किरण दिले तर त्याची छान जेल होते, कोरड्या पावडरीला दिले तर ती नुसती तुटते. थोडक्यात, नैसर्गिक घटक असेल तर किरणांची मात्रा ठरवण्याआधी ओलावा ठरवावा लागतो.

पीएलए वाचवायचा मार्ग जपानमधल्या ताकासाकीच्या संशोधकांनी दाखवला. त्यात सुमारे तीन टक्के टीएआयसी हे जोडणीला मदत करणारं रसायन मिसळायचं, वस्तू घडवायची आणि मग ५० किलोग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) आसपास इलेक्ट्रॉन बीम द्यायचा. साध्या पीएलएच्या कपात उकळतं पाणी ओतलं की तो वाकतो आणि दुधाळ होतो. जोडणी झालेला कप आकारही धरून ठेवतो आणि पारदर्शकही राहतो. मात्र कंपोस्टेबल मालाच्या आयएसओ १७०८८ मानकात एक टक्का किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येक सेंद्रिय घटकाचं जैवविघटन वेगळं सिद्ध करावं लागतं. तीन टक्के टीएआयसी तिथे अडू शकतं. शिवाय जोडणी जितकी दाट, तितकं कुजणं मंद, आणि मानकाला बारा आठवड्यांत माल मोडलेला हवा असतो. प्रमाणपत्रावरच धंदा उभा असेल तर हा हिशेब आधी करा.

पेरॉक्साइड की किरण, याचा निकाल बहुतेक वेळा मशीनवरच लागतो. पेरॉक्साइड हे जोडणी घडवणारं रसायन एक्स्ट्रूडरमध्ये (दाणे वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात), म्हणजे आकार देण्याआधी काम करतं. जास्त पडलं की वितळलेलं प्लास्टिक घट्ट होतं, फिल्ममध्ये गुठळ्या येतात. डायक्युमिल पेरॉक्साइडचा वासही मागे राहतो, खाण्यापिण्याच्या भांड्याला तो चालत नाही. किरणांचं काम वस्तू तयार झाल्यावर, थंडपणे होतं. पेरॉक्साइडची जमेची बाजू म्हणजे नवी यंत्रणा लागत नाही आणि माल बाहेर पाठवावा लागत नाही. पीबीएटी-स्टार्चच्या कॅरीबॅगेला मी तरी किरणांच्या वाटेला जाणार नाही. तिथलं दुखणं दोन घटकांचं आपसात न पटण्याचं असतं, त्याला मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेला कॉम्पॅटिबिलायझर, म्हणजे दोघांना एकत्र धरणारा घटक, जास्त कामाचा.

किरणच हवेत, तर गॅमा आणि इलेक्ट्रॉन बीम यांत फरक वेगाचा आणि खोलीचा. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण भरलेल्या खोक्यांच्या आरपार जातात, पण मात्रा तासाला काही किलोग्रे अशा संथ गतीने मिळते. तेवढ्या वेळात हवेतला ऑक्सिजन आत शिरून साखळ्या तोडत बसतो, आणि पातळ फिल्मचं त्यात जास्त नुकसान. इलेक्ट्रॉन बीम तीच मात्रा सेकंदांत देतो, मात्र १० एमईव्ही (मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा बीमसुद्धा पाण्याइतक्या घनतेच्या मालात एका बाजूने जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर कामाचा. त्यामुळे फिल्म, शीट, पातळ कप असेल तर बीम. माल किरणोत्सारी होईल ही भीती दोन्हीकडे सोडून द्या.

गॅमा जिथे निर्विवाद सरस ठरतो ती वस्तू म्हणजे जखमेवरची हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलची पट्टी. पोलंडमध्ये यानुश रोसियाक यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली, आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) वापरून केली. पॉलिमर आणि अगारसारखा नैसर्गिक घटक यांचं द्रावण ट्रेमध्ये ओतायचं, पाकीट सील करायचं आणि २५ किलोग्रे द्यायचे. जोडणी आणि निर्जंतुकीकरण एकाच फेरीत, वर जोडणीसाठी वेगळं रसायन नाही. वैद्यकीय मालात असाल तर दुसरं काही शोधूच नका.

केंद्र निवडताना मात्र फसू नका. लासलगावला कांद्याला कोंब येऊ नये म्हणून किरण देतात, ती मात्रा एका किलोग्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी. तुम्हाला लागणार वीस ते शंभर किलोग्रे. त्या कामाला उच्च मात्रेचं गॅमा केंद्र किंवा खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रासारखी सोय लागते.

चाचणी करताना कडांचं ट्रिमिंग किरण देण्याआधी उरका. जोडणी झालेला कचरा पुन्हा वितळत नाही, तो हॉपरमध्ये (दाणे भरायच्या नरसाळ्यात) टाकला तर स्क्रीन पॅक, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक गाळणारी जाळी, तुंबेल. आणि ‘मजबूत वाटतंय’ यावर पैसे देऊ नका, जेल, म्हणजे जोडणीमुळे न विरघळणारा भाग, मोजून घ्या. तुकडा वजन करून बारीक स्टीलच्या जाळीत बांधायचा आणि दोन दिवस क्लोरोफॉर्ममध्ये ठेवायचा. स्टार्च-पीव्हीए असेल तर क्लोरोफॉर्मऐवजी गरम पाणी. मग वाळवून पुन्हा वजन घ्यायचं. जाळीत काहीच उरलं नाही, तर जोडणी झालेलीच नाही.