परदेशी गावातील शाळेला वर्गणी: पीस कोअरच्या देणगी सेवेविषयी

दूरच्या, कधी न पाहिलेल्या गावासाठी पैसे द्यायचे म्हटले की मनात पहिली शंका हीच येते, की हे काम त्या गावाला हवे आहे की बाहेरून आलेल्या माणसाला. परदेशांतील गावांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या, अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या संस्थेची प्रकल्प-देणगी सेवा, म्हणजे या स्वयंसेवकांच्या गावातील कामांसाठी लोकांकडून देणग्या घेण्याची योजना, या शंकेचे बऱ्याच अंशी निरसन करते.

पीस कोअरची स्थापना १९६१ साली झाली आणि त्याच वर्षी तिचे स्वयंसेवक भारतातही आले. १९७६ पर्यंत ते येथे काम करीत होते. आजही संस्थेचे स्वयंसेवक प्रशिक्षणासह साधारण सत्तावीस महिने परदेशात राहतात आणि त्यांत शिक्षकांची संख्या सर्वाधिक असते. वर्गात इंग्रजी, गणित किंवा विज्ञान शिकवता शिकवता गावाशी ओळख वाढते आणि मग वाचनालय, मुलींसाठी स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची सोय अशी कामे पुढे येतात. अशा कामांसाठी निधी उभा करण्याची ही योजना १९६४ साली, एका शाळेने दुसऱ्या देशातील शाळेला मदत करावी, या रूपात सुरू झाली.

आमचे घराणे अमळनेरचे आणि पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी पेशातले. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतणीने आजोबांच्या स्मरणार्थ झांबियातील एका शाळेच्या वाचनालयासाठी या सेवेमार्फत देणगी दिली, तेव्हा प्रकल्पाची माहिती मी तिच्याबरोबर बसून बारकाईने वाचली. विटा गावानेच पाडून भाजायच्या, वाळू पालकांनी आणायची, गवंड्याच्या हाताखाली माणसे गावाने द्यायची, आणि बाहेरचा पैसा फक्त सिमेंट, पत्रे व पुस्तकांच्या मांडण्या यांसाठी वापरायचा, असा त्या कामाचा हिशेब होता. देणगीची पोच लगेच मिळाली. देणगीदाराचे नाव-पत्ता स्वयंसेवकाला कळवायचा की नाही, हेही आधी विचारण्यात आले, ते मला फार योग्य वाटले.

या सेवेची माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एकूण खर्चाचा किमान २५ टक्के वाटा गावाने रोख, साहित्य किंवा श्रम या रूपाने उचलावा, ही अट. खानदेशातील माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या त्या वेळी गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून मोठा भार उचलला होता, आणि ज्या शाळेसाठी आपण पदरचे पैसे घातले तिच्याकडे गाव लक्ष ठेवते, हे आपल्याकडे अनेकांनी पाहिले आहे. याउलट, माझ्या माहितीतील एका शाळेला बाहेरच्या एका संस्थेने संगणक दिले, फोटो काढले, परंतु विजेचे बिल कोणी भरायचे हे गावाशी बसून ठरवलेच नाही, आणि ती खोली वर्षभर कुलूपबंद राहिली.

काम ठरवण्याची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. गावाचा नकाशा, दिवसाचा क्रम आणि वर्षाचे हंगाम गावकऱ्यांकडूनच काढून घ्यावेत, तेही स्त्री-पुरुषांचे गट वेगळे बसवून, असे या स्वयंसेवकांना शिकवले जाते. हंगाम विचारणे किती आवश्यक आहे, हे आमच्या नंदुरबारकडे पाहिले की कळते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात; तेथे हिवाळ्यात श्रमदान ठेवणारा प्रकल्प, तो कितीही चांगल्या मनाने आखलेला असो, माणसांअभावी अडून राहील. वेगळे गट बसवण्याचे कारणही तितकेच खरे आहे, कारण पहाटेपासून पाण्यासाठी किती वेळ जातो हे बाया आपसांत मोकळेपणी सांगतात, ग्रामसभेत मात्र गप्प बसतात.

मर्यादा मात्र आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. स्वयंसेवकाची मुदत संपण्यापूर्वी प्रकल्प पूर्ण व्हावा लागतो, त्यामुळे देणगीदाराचा संबंध काम पुरे होण्याशी राहतो. पाच वर्षांनी त्या वाचनालयाचे दार कोण उघडतो आणि फाटलेली पुस्तके कोण चिकटवतो, हे कळण्याची सोय या रचनेत नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सुमारे सात हजार स्वयंसेवकांना एकाच वेळी मायदेशी परत बोलावावे लागले, यावरून एका पाहुण्या शिक्षकाभोवती उभे राहिलेले काम किती नाजूक असते हे दिसते. शिवाय देणगीवरील करसवलत अमेरिकी कायद्यानुसार मिळते, येथील प्राप्तिकरात तिचा उपयोग नाही.

ज्यांची मुले किंवा नातलग अमेरिकेत आहेत, त्यांनी ही सेवा अवश्य वापरावी, असे मी सांगेन. रक्कम लहान असली तरी चालते. मात्र प्रकल्प निवडताना फोटोंकडे आधी पाहू नये. गावाचा वाटा नेमका कशात आहे ते वाचावे, आणि स्वयंसेवक परतल्यावर काम सांभाळणारा स्थानिक शिक्षक किंवा समिती यांचा उल्लेख जेथे स्पष्ट असेल, तेथेच पैसे द्यावेत.