वेव्ह की एमपी-थ्री?

आजीच्या आठवणी रेकॉर्ड करताना भाचीने विचारलं, फाइल कशात ठेवू? आवाजाच्या फाइलचे हे दोन प्रकार: वेव्ह आवाज न गाळता ठेवते, एमपी-थ्री तो दाबून लहान करते.

जागेच्या बाबतीत एमपी-थ्री सरस. सीडीच्या दर्जाची वेव्ह (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ) मिनिटाला सुमारे १० एमबी खाते, १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी-थ्री जेमतेम १. पाठवायलाही तीच सोपी.

आवाजाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. कानाला सहसा जाणवत नाहीत असे बारकावे एमपी-थ्री गाळून टाकते, आणि गाळलेलं परत येत नाही. नुसतं ऐकताना फरक कळतही नाही. पण काटछाट करून पुन्हा पुन्हा एमपी-थ्रीतच साठवलं, तर दर वेळी आवाज आणखी थोडा झिजतो. नंतर तिची वेव्ह केली तरी फक्त आकार फुगतो.

जपायचं किंवा संपादन करायचं असेल, तर मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्येच हवं. नातेवाइकांना ऐकवायला तिच्यावरून एमपी-थ्री काढावी.