गरोदरपणात शुगर: बोट टोचायचं की सेन्सर लावायचा?

ऐरोलीच्या आमच्या घरात एकाच वर्षी दोघी पोटुशी होतो. मला सातव्या महिन्यात शुगर निघाली, तर जाऊबाईंना टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिनच तयार न होणारा मधुमेह, शाळेत असल्यापासून. त्या सेन्सरवर, म्हणजे साखर सतत मोजून मोबाइलवर दाखवणाऱ्या यंत्रावर; मी बोट टोचून थेंबभर रक्त तपासणाऱ्या ग्लुकोमीटरवर. मध्ये एकदा मीही सेन्सर लावून पाहिला.

आधी ग्लुकोमीटर. उपाशीपोटी 95 च्या आत, जेवणानंतर तासाने 140 च्या किंवा दोन तासांनी 120 च्या आत, ही डॉक्टरांची मोजपट्टी बोटाच्या रक्ताचीच. दिवसातून चारदा टोचायचं. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचलं की कमी दुखतं. स्ट्रिपमागे मला वीसेक रुपये पडायचे. एक मात्र पक्कं: हात साबणाने धुतल्याशिवाय टोचू नका. मे महिन्यात हापूस चिरून हात नुसते पदराला पुसले आणि टोचलं, तर आकडा 212! छातीत धस्स झालं. हात धुऊन दुसरं बोट टोचलं, 118. तो रस आंब्याचा होता, शुगर माझी नव्हती.

सेन्सर दंडावर चिकटतो आणि साधारण दोन आठवडे चालतो. तो रक्त मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे असतो. शुगर भराभर चढत-उतरत असली की दोन्ही आकडे जुळत नाहीत. त्यावरून यंत्र बिघडलं असं समजू नका. त्याची खरी कमाई म्हणजे आलेख. सकाळचे कांदेपोहे माझी शुगर कशी उभी चढवतात आणि तेच पोहे दुपारी चारला किती गुमान बसतात, हे मला चार टोचण्यांत कधीच दिसलं नसतं. गरोदरपणी सकाळी इन्सुलिन कमी लागू पडतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पटलं ते आलेख पाहून.

त्रासही आहेच. मी सेन्सर डाव्या दंडावर लावला, आणि शेवटच्या महिन्यांत झोपायचं डाव्या कुशीवर! दंड दाबला की आकडा खोटाच खाली येतो. रात्री अडीचला अलार्म, 58. नवरा साखर घेऊन धावला. टोचून पाहिलं तर 91. तेव्हा उजवा दंडच बरा, आणि अलार्म वाजला तर आधी टोचून खात्री करा. मात्र हातपाय थरथरत असतील, घाम फुटला असेल तर टोचत बसू नका, आधी गोड तोंडात टाका. दुसरा शत्रू आपली हवा. जूनच्या घामात कडा सुटू लागल्या आणि नवव्या दिवशी ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात कुणाच्या तरी पर्सच्या पट्ट्याने तो उपटूनच नेला. साडेचार हजारांच्या घरातली वस्तू, पाच दिवस फुकट. वरून चिकटपट्टी लावायची अक्कल नंतर आली.

मग घ्यायचं काय? नुसत्या पथ्यावर शुगर आटोक्यात असेल, तर ग्लुकोमीटर पुरे. हौस असेल तर सुरुवातीला एकच सेन्सर लावा, आपलं कोणतं खाणं नडतं ते कळेल, आणि पुन्हा टोचण्यावर या. टाइप वनचं गणित वेगळं. तिथे मी खर्चाचा विचार मागे ठेवेन. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘कॉन्सेप्ट’ अभ्यासात सेन्सर वापरणाऱ्या टाइप वनच्या गरोदर बायकांची बाळं अवाजवी मोठी होण्याचं आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जाण्याचं प्रमाण कमी दिसलं. अशा बायकांसाठी शुगर 63 ते 140 मध्ये दिवसाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ असावी, असं लक्ष्य असतं. चार टोचण्यांत ते मोजणार कसं? शिवाय पहिल्या तिमाहीत शुगर झपकन खाली जाते, तेव्हा अलार्म हवाच. जेवणाबरोबर इन्सुलिन घेणाऱ्या बाकीच्यांनी मधला मार्ग डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

अंगावर लावून इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाच्या वाटेला आम्ही दोघीही गेलो नाही. जाऊबाईंचं इन्सुलिन टोचायच्या पेनवर भागलं. बाळंत झाल्यावर इन्सुलिनची गरज एकदम निम्म्याच्या आसपास उतरली. त्या आठवड्यातही सेन्सर दंडावर होता. बाळ अंगावर पीत असताना त्यांची शुगर खाली सरकू लागली की मोबाइल वाजायचा, आणि सासूबाई डिंकाचा लाडू घेऊन हजर व्हायच्या.