पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण): अंदाज पाहावा की घरी सेन्सर लावावा?

घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हा प्रश्न बेळगाव-निपाणी पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात पडतोच.

खर्चात अंदाज सरस. युरोपच्या 'कॅम्स' या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेचा जागतिक अंदाज फुकट आहे आणि पाच दिवस पुढचं सांगतो. पण त्याच्या नकाशातला एक चौकोन, ज्याला एकच आकडा मिळतो, सुमारे ४० किलोमीटरचा. बेळगाव आणि खानापूर एकाच आकड्यात येऊ शकतात. शेजारच्या फडात संध्याकाळी पाला पेटवला, तर तो धूर त्यात दिसणार नाही.

लेझर सेन्सरला काही हजार रुपये लागतात, पण तो धूर मिनिटाभरात दाखवतो. उद्याचं मात्र सांगत नाही. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा चढतो. म्हणून पावसाळ्यातले, धुक्यातले आकडे जपून वाचा. सेन्सर चुलीपासून लांब, वळचणीखाली, माणसाच्या उंचीवर लावा. त्याच्या आतल्या पंख्यात धूळ साचते, ती अधूनमधून काढा. भारतीय मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे क्षणिक उसळीची तुलना त्याच्याशी करू नका.

शाळेची सहल किंवा शेतकामाचा आठवडा ठरवायचा असेल, तर अंदाज पुरतो. खिडकी आत्ता लावायची का, हे ठरवायला सेन्सरच हवा. दमेकऱ्याच्या घरी तोच आधी घ्या.